टाचणी

शिफा, हे घे. आधी हात पूस,
भडंगाचं तेल लागलंय बोटांना.
आणि शेवटचं पान आधी वाचायचं नाही,
तुझे पप्पा पेपर वाचतात तसं, मागून पुढं.

‘उलट्या नदीचा नावाडी’. नाव फसवं आहे.
नावाडी सतराव्या पानावरच मरतो,
वल्हं येतं त्याच्या पोरीच्या हातात, तिमाच्या,
ती तुझ्याएवढी, नऊ संपून दहावं.
तिला एक भाऊ आहे. त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

पहिली वीस पानं कंटाळवाणी, खरं सांगते.
नुसता उतारूंचा हिशेब, कोण किती कवड्या देऊन पलीकडं गेलं.
गगनबावड्याच्या गाडीची वाट बघतात तशी ती वाचायची.
गाडी येते.
नदी डोंगर चढायला लागते
आणि बगळा बोलतो, एका डोळ्याचा,
जो खरं कधीच बोलत नाही,
म्हणून त्याला काय विचारायचं ते शिकावं लागतं.

पुढचं मी तिला सांगितलं नाही.

मी चौथीत होते. मंगळवार पेठेतली शाळा,
पुस्तकांच्या कपाटाला कुलूप, किल्ली पाटोळेबाईंच्या पदराला.
त्या प्रतीत एकशे बारा ते एकशे एकोणीस ही पानं नव्हती.
कुणी फाडली, देव जाणे.
एकशे अकरावर तिमाचा भाऊ भोवऱ्यात,
एकशे वीसवर तिमा काठावर भात शिजवतेय.
मधलं मी केलं.
रंकाळ्यावर संध्यामठाकडं बघत बसले
आणि बगळ्याला विचारलं, ‘बुडाला ना माझा भाऊ?’
‘हो,’ म्हणाला बगळा.
झालं! खोटारड्याचं हो.
भाऊ वर आला, केस निथळत, म्हणाला, भूक लागली.
नाहीतर तिनं भात कशाला टाकला असता?

माझा भाऊ तेव्हा इचलकरंजीत मागावर होता.
शनिवारी यायचा, कानात कापूस, घरातसुद्धा ओरडून बोलायचा.

चौतीस वर्षं मी हे पुस्तक असंच सांगत आले.
नणंदेच्या पोरांना, डेपोतल्या कंट्रोलरला,
एकदा निपाणीच्या एका बाईला, जिची गाडी दोन तास लेट होती.
भाऊ वर येतो तिथं माझा आवाज चढायचा.

परवा लक्ष्मीपुरीत, रद्दीच्या काट्यावर,
जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात अख्खी प्रत मिळाली.
वीस रुपये.
चौकशीच्या खिडकीतच वाचायला बसले.
‘गारगोटी कधी?’
‘भोवरा झाला की,’ म्हणाले मी.
तो माणूस बिचारा घड्याळाकडं बघत राहिला.

एकशे बारा. एकशे तेरा.
बगळ्याला कुणी काही विचारतच नाही.
बगळा त्या आठ पानांत नाहीच मुळी.
एकशे वीसवर भात आहे.
मूठभर.
एकटीपुरता.
हा शब्द फाटक्या प्रतीतही होता,
मी वाचला नव्हता.

मोडीत निघालेल्या तिकिटांच्या गठ्ठ्याची टाचणी काढली
आणि त्या आठ पानांना लावली.
शिफाला बजावलं, एकशे अकरापर्यंत वाच,
पुस्तक मिट, एक रात्र झोप,
काय झालं असेल ते ठरव. मग काढ.

आज शुक्रवार. मुजावर राधानगरीच्या गाडीवर,
पोरगी त्यांचा डबा घेऊन खिडकीशी.
‘काढलीस टाचणी?’
‘न्हाई.’
‘पाच दिवस झाले की गं.’
‘बगळ्याला काय विचारायचं तेच सुचंना.’

राधानगरी, फलाट क्रमांक तीन, मी माइकवर सांगितलं,
मग तिच्याकडं वाकून हळूच म्हटलं,
‘जे नको असेल, ते विचार त्याला.’

माइक चालूच होता.
फलाटावरच्या साऱ्या माना वर झाल्या,
आणि केळीवाल्यानं टोपली खाली ठेवली.